चुन्याचा 'एच'

वैशाखरे फाट्यावर एसटीतून उतरणारा माणूस आधी मान वर करतो आणि मग चहा सांगतो. समोर सह्याद्री. नानाचा अंगठा, त्याच्या कुशीतून वर गेलेली नाणेघाटाची नाळ, पलीकडे जीवधन. कल्याणपासून साठेक किलोमीटर रस्ता बऱ्यापैकी मुकाट येतो आणि इथे कुणी तोंडावर दार लावून घ्यावं तसा डोंगर उभा राहतो. शनिवारी रात्री पाठीवर पिशव्या लावलेली मुंबईची पोरं उतरतात आणि टपरीवाल्या काकांना विचारतात, "वर जायला किती वेळ?" काका त्यांच्या पायांकडे बघून उत्तर देतात. बूट कोरे करकरीत असले की तासभर वाढवून.

परवा त्याच टपरीवर शेजारी बसलेल्या गृहस्थांनी बशीत चहा ओतता ओतता मला विचारलं, "भाऊ, आपल्याकडं हेलिकॉप्टर उतरवायचं झालं तर कुठं उतरवतील?"

मी म्हटलं, "ते पायलट ठरवेल की."

ते हसले. कोरे बूट बघून काका हसतात तसे. "पायलट कशाला ठरवंल? तहसीलदार ठरवतात."

हेलिकॉप्टरच्या अपघातांवर मी आजवर जे काही वाचलं होतं, ते या एका वाक्यात बशीतल्या चहासारखं निवलं.

आमच्याच पट्ट्यातल्या एका गावात निवडणुकीच्या दिवसांत हेलिपॅड तयार होताना मी पाहिलेलं आहे. गावाचं नाव सांगत नाही, तिथे सोयरीक आहे. पाहुण्यांचं नाव तर मुळीच सांगत नाही, ते परत येणार आहेत. जागा कशी निवडली? सभेच्या मांडवापासून गाडीने दोन मिनिटांत पोचता यावं, एवढी एकच अट. शाळेच्या मागे भाताचं एक खाचर नुकतंच कापून मोकळं झालं होतं. एका अंगाला शाळेची इमारत, दुसऱ्या अंगाला आंबे, तिसरीकडे टेकाड, आणि चौथ्या बाजूने विजेची तार. म्हणजे थोडक्यात वाटी. वाटीत वरण वाढतात, हेलिकॉप्टर वाढत नाहीत, हे सांगायला कुणी नव्हतं.

मग काम सुरू झालं. त्या खाचराला गेल्या पन्नास वर्षांत एवढा मान मिळाला नसेल. जेसीबीने बांध काढला. मुरूम आला, रोलर फिरला. गावाच्या रस्त्याला चार वर्षं न मिळालेला मुरूम इथे चार तासांत मिळाला, यावर गावकऱ्यांपैकी कुणी काही बोललं नाही. मुरूम असा जाता-येता दिसला की त्याला नजर लावू नये. आंब्याच्या फांद्या उतरवल्या. मोबाइलवर अक्षांश-रेखांश घेऊन ते व्हॉट्सअॅपवर धाडले. राहता राहिली तार.

"तार?" साहेब म्हणाले, "वायरमनला सांगून ठेवलंय. त्या वेळात लाइन बंद ठेवेल."

मी तारेकडे बघत राहिलो. लाइन बंद केली की तार जाते कुठे? शॉक बसायचा नाही हे कबूल. पण पंख्याला शॉकचं भय असतं की तारेचं?

त्यानंतर चुना. वर्तुळ, वर्तुळात 'एच'. मधली आडवी रेघ किती जाड हवी यावर पक्षाच्या दोन गटांत अर्धा तास गेला. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी हवी, हे सकाळी आठ वाजता आठवलं. ती काही मुरबाडच्या बाजारात मिळत नाही. शेवटी एका कार्यकर्त्याने घरून जुना लेंगा आणला, त्याचा एक पाय कापून काठीला बांधला. खोटं नाही सांगत, साऱ्या तयारीत एवढी एकच गोष्ट पायलटच्या उपयोगाची होती. तो लेंगा पाच मिनिटं पूर्वेकडे फुगायचा, मग लटकायचा, मग पश्चिमेकडे. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

कुणीच बघत नव्हतं असंही नाही. ज्यांचं खाचर होतं त्या आजी बांधावर उभ्या होत्या, डोक्यावर पदर आणि हातात विळा. त्या म्हणाल्या, "इथला वारा गरगरतो बाबा."

"आजी, बाजूला व्हा," साहेब म्हणाले.

हेलिकॉप्टर आलं. दोन चकरा मारल्या. खाली सगळ्यांना वाटलं, पाहुणे गर्दी बघतायत. गर्दीने हात हलवले. तो बिचारा पायलट बहुधा तार शोधत होता. मग ते खाली यायला लागलं आणि सकाळपासून टँकरभर पाणी मारून बसवलेली धूळ उठली. वरचा इंचभर ओला होता, खालचं सगळं कोरडं. स्वागताचा फलक पहिला उडाला, मग टोप्या, मग मांडवाच्या झालरीचा तुकडा. भिंतीवर चढलेली पोरं खाली पडली ती हसत. आणि उतरलं. सुखरूप उतरलं. टाळ्या पडल्या, हार पडले. त्या दिवशी गावाने ठरवलं की हेलिपॅड उत्तम होतं. कॉपी करून पास झालेला मुलगा पुढे हुशार म्हणूनच ओळखला जातो, तसं.

हेलिकॉप्टर नाकासमोर सरळ खाली येतं, हा आपला सिनेमातला समज. शहाणा पायलट जमेल तोवर तसं करत नाही. तो पुढे सरकत, तिरका, जिन्यावरून उतरावं तसा येतो. पंखा हवा खाली ढकलतो, त्या जोरावर यंत्र तरंगतं. पुढे जाण्याचा वेग संपलेला असताना मिनिटाला तीनशे-चारशे फुटांच्या वेगाने ते सरळ खाली यायला लागलं, तर आपणच ढकललेल्या, घुसळलेल्या हवेत ते बुडायला लागतं. घाबरून जोर वाढवावा तर हवा आणखी घुसळते आणि ते आणखी बुडतं. राजकारणात हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. तिथे त्याला स्वबळाचा नारा म्हणतात.

आता वाटीसारख्या जागेत तिरकं यायला वाटच नसते. झाडांच्या डोक्यावरून येऊन मग उभंच खाली जावं लागतं. त्याला ताकद जास्त लागते, आणि उन्हाने हवा विरळ झालेली असली, आत पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे आणि त्यांच्या बॅगा असल्या, की ताकद नेमकी तेव्हाच कमी पडते. जमिनीच्या अगदी जवळ हवेची एक उशी मिळते, तिचा आधार असतो. पण ती उशी सपाट, टणक जमिनीवर भरते. उंच गवतावर, उतारावर ती फाटकी निघते. शेपटीचा पंखा पायलटच्या पाठीमागे, त्याला न दिसणारा. आणि तार तर कुणालाच दिसत नाही. पायलट लोक म्हणून तार शोधतच नाहीत, खांब शोधतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरून चालतात. आमच्या जिल्ह्यात तर हे फारच खरं. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर वीज आणणारी उच्चदाबाची लाइन आहे, पडघ्याहून पुढे चहूकडे लायनी फुटतात. वरून बघणाऱ्याला हा सगळा भाग म्हणजे वीजवाल्यांची वाळवणाची दोरी वाटत असणार.

अशा अडचणीच्या जागेत उतरायचं शिक्षण वेगळं असतं. आधी उंचावरून एक चक्कर, मग खालून एक. जागा केवढी, कुठल्या घडणीची, आजूबाजूला काय, भुई कसली, उतार किती. वारा कुठून. नाही जमलं तर बाहेर पडायची वाट कुठली. हेलिकॉप्टरच्या लांबीच्या दीडपट तरी मोकळी जागा असावी असा दंडक आहे. पूर्वी आमच्याकडे माणूस शेत घेताना एवढंच बघायचा : बांध, उतार, पाणी कुठून येतं आणि कुठून जातं. हल्ली मुरबाड-शहापुरात फार्महाऊससाठी गुंठे घेणारे तेवढंही बघत नाहीत, ब्रोशरमधला सूर्यास्त बघतात. पहिल्या पावसात ओढा बैठकीच्या खोलीतून गेला की मग ग्रामपंचायतीकडे अर्ज.

आता थोडा हिशेब. देवेंद्र फडणवीस यांच्या पहिल्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातली हेलिकॉप्टर-वही उघडली तर बघा. २५ मे २०१७, लातूर जिल्ह्यातलं निलंगा. शिवार संवादाचा दौरा, हलगऱ्याला श्रमदान, दुपारी बाराच्या सुमारास परतीचं उड्डाण. मे महिन्यातली लातूरची दुपार म्हणजे काय ते लातूरकरांना विचारा, हवेलाही घाम येतो. राज्य सरकारचं स्वतःचं सिकॉर्स्की थोडं वर गेलं, वारा फिरला, पायलटने खाली आणायचा प्रयत्न केला आणि ते विजेच्या तारांत अडकून वस्तीजवळ आपटलं. सगळे वाचले. हे चढतानाचं झालं म्हणून उतरण्याच्या खात्यात धरायचं नाही, असं कुणी म्हणेल. पण अडचणीच्या जागेत चढणं आणि उतरणं ही सख्खी भावंडं, एकाला ठेच लागली की दुसरा रडतो.

त्याच वर्षी डिसेंबरात नाशिक. वर गेलेलं हेलिकॉप्टर लगेच खाली, कारण वजन जास्त झालं होतं. मंडळींतल्या एकाला उतरवून पुढे गेले. (त्या उतरवलेल्या गृहस्थांच्या मनाचा विचार मी अनेकदा करतो. राज्याचा कारभार हलका व्हावा म्हणून प्रत्यक्ष उतरलेला एवढा एकच माणूस माझ्या माहितीत आहे.) जानेवारी २०१८, भाईंदर : उतरायच्या जागेजवळ केबल, पायलटला वेळेवर दिसली म्हणून निभावलं. ऑक्टोबर २०१९, विधानसभेचा प्रचार, पेण : उतरल्यावर चाकं चिखलात.

तार, वजन, केबल, चिखल. शाळेत 'गटात न बसणारा शब्द ओळखा' असा प्रश्न असतो. या चारांत तो शोधून दाखवा. चारही जमिनीवरचे. आकाशाने या माणसाचं काही वाकडं केलेलं दिसत नाही. जे काही केलं ते बांधकाम, वीज आणि पाहुणचार या तीन खात्यांनी.

यात एका पक्षाचा दोष काढावा तर तेही जमत नाही. ३ मे २०२४, लोकसभेचा प्रचार, महाड. समोरच्या बाजूच्या, ठाकरे गटाच्या शिवसेनेतल्या सुषमा अंधारे यांना न्यायला आलेलं छोटं हेलिकॉप्टर. त्या आत बसलेल्या नव्हत्या, जमिनीवर वाट बघत होत्या. तात्पुरतं केलेलं मैदान, यंत्र खाली येतं, धुळीचा लोट उठतो, ते एका अंगावर कलतं आणि कोसळतं. आसपास उभ्या असलेल्यांच्या मोबाइलमध्ये हे सगळं टिपलं गेलं. जीव गेला नाही, तेवढं नशीब. ती चित्रफीत तुम्हीही पाहिली असेल. पुन्हा एकदा पाहा, पण या वेळी हेलिकॉप्टरकडे बघू नका, धुळीकडे बघा. ती उठते, वर्तुळात फिरते, यंत्राला गिळते. आत बसलेल्या माणसाला त्या क्षणी जमीन कुठे, आकाश कुठे, आपण पुढे सरकतोय की बाजूला, काही म्हणजे काही कळत नाही. वाळवंटात उतरणाऱ्या फौजांना हे दुखणं जुनं ठाऊक आहे. आपल्याकडे त्यावर इलाज एकच, पाण्याचा टँकर. आणि टँकरचा ठेकेदार कार्यकर्ता.

या सगळ्याचा महाराष्ट्राच्या सत्तेशी केवढा जवळचा संबंध आहे ते बघायचं तर आंध्रात जावं लागतं. ३ मार्च २००२ रोजी लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी यांचं हेलिकॉप्टर कैकलूरजवळ कोसळलं. अंधूक हवेत पायलट उतरायला जागा बघत होता. खाली जी सपाट जमीन वाटली ती मासे पाळायची तळी होती, आणि वाटेत नारळाचं झाड. बालयोगी गेले. रिकाम्या झालेल्या त्या खुर्चीवर दोन महिन्यांनी रायगड जिल्ह्यातल्या नांदवीचे मनोहर जोशी बसले. सपाट दिसतं ते सगळं जमीन नसतं, ही गोष्ट कोकणातल्या माणसाला शिकवावी लागत नाही. आमची पोरंसुद्धा शेवाळावर पाय द्यायच्या आधी काठी टेकतात.

आणि काही ठिकाणी चेष्टा गिळावी लागते. २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी पुण्याजवळ बावधनला डोंगराळ भागात, धुक्यात, उड्डाण केल्यावर काही मिनिटांत हेलिकॉप्टर पडलं. दोन पायलट आणि एक अभियंता, तिघेही गेले. जुहूला नेत्याला घ्यायला निघालेली ती फेरी होती. १५ जून २०२५ ला केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून सात जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक जोडपं आणि त्यांची लहानगी. नेत्यांच्या हेलिकॉप्टरला निदान अग्निशमनाची गाडी उभी असते. या देवाच्या दारच्या फेऱ्या अरुंद दरीतून, पहाटेच्या ढगांतून, एकामागून एक चालू असतात, वडापसारख्या.

तर वैशाखरे. गृहस्थांच्या प्रश्नाकडे परत येतो. इथे कुठे उतरवतील?

पायलटच्या डोळ्यांनी बघा. समोर भिंत. जीवधन समुद्रसपाटीपासून पावणेचार हजार फुटांच्या आसपास, शेजारी वानरलिंगीचा सुळका शहाण्याला भोवळ आणणारा. पावसाळ्यात नाणेघाटात तो सुप्रसिद्ध उलटा धबधबा. पश्चिमेचा वारा कोकण ओलांडून या भिंतीवर आदळतो, पुढे जायला जागा नाही म्हणून वर चढतो, आणि चढता चढता कड्यावरून पडणारं पाणी पुन्हा माथ्यावर उडवून देतो. मुंबईची पोरं त्यासमोर उभी राहून रील काढतात. पायलट तेच बघून उतरायचा विचार सोडतो. जो वारा पाणी वर उचलतो तो यंत्रही उचलतो. आणि पावसाळा सरून वारा घाटावरून कोकणाकडे वाहायला लागला की उलटा खेळ. तोच वारा माथा ओलांडून भिंतीवरून खाली गडगडतो, पायथ्याशी भोवरे करतो. पायथ्याशी म्हणजे आपण चहा पीत बसलो तिथे. पावसाळा सरल्यावरचे हे दिवस कुठले? आपल्याकडे गेल्या कित्येक विधानसभांचा प्रचार याच दिवसांत झाला.

दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी या अडचणीच्या जागेवर आपला तोडगा काढला होता. डोंगर फोडून नाळ केली. कल्याणच्या बंदरातला माल बैलांच्या पाठीवर इथून जुन्नरला, पुढे पैठणला. वर घाटाच्या तोंडाशी लेणं, लेण्यात नागनिकेचा लेख. त्यात यज्ञांची आणि दानांची यादी : गाई, हत्ती, घोडे, कार्षापण. हत्ती दान केले असं राणी लिहून ठेवते. ते या नाळेतून कसे नेले असते, या विचाराने मी नेहमी चढताना थांबतो. (खरं तर दम लागलेला असतो.) आणि लेण्याच्या जरा पुढे तो दगडी रांजण. वर येणाऱ्या प्रत्येकाने जकात त्यात टाकायची आणि मगच पुढे सरकायचं. राज्यकर्त्यांना तेव्हाही पैसे लागत होते, पण निदान रांजण उघड्यावर होता.

हवेतून येणाऱ्याला तो रांजण लागत नाही. इथल्या प्रत्येक अडचणीच्या वरून तो जातो. माळशेजचा दरडींचा रस्ता, सरळगावची गर्दी, फाट्यावरचे खड्डे, सगळं त्याच्या बुटांखाली. म्हणून तर हेलिकॉप्टर हवं असतं. आणि शेवटच्या दोनशे फुटांत त्याला नेमकी तीच जमीन भेटते, जिच्यावरून तो आजवर उडून गेला. न काढलेली तार, न बसवलेली धूळ, न केलेला निचरा.

उतरू नये तिथे उतरायचं नाही, हेही महाराष्ट्रात एकदा घडलेलं आहे. ६ डिसेंबर २०२१ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद रायगडावर आले. गडावर हेलिकॉप्टर उतरवलं तर त्या वाऱ्याने धूळमाती महाराजांच्या पुतळ्यावर उडेल, म्हणून शिवभक्तांचा विरोध होता. गडावरचं जुनं हेलिपॅडही त्याच कारणाने आधी बंद झालेलं. राष्ट्रपतींनी पायथ्यापासून रोपवे घेतला. देशाचा प्रथम नागरिक लोंबकळत वर गेला, दर्शन घेतलं, लोंबकळत खाली आला. आकाश कोसळलं नाही. हेलिकॉप्टरही नाही. त्यानंतर एखाद्या जिल्हा पातळीवरच्या नेत्याने 'मीही रस्त्यानेच येतो' म्हटल्याचं तुमच्या ऐकण्यात असेल तर मला कळवा, मी या सदरात चौकट देईन.

याच शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून दर पावसाळ्यात एक बातमी ठरल्यासारखी येते. बाळंतपणाला अडलेली बाई, नाहीतर साप चावलेला माणूस, चादरीची झोळी, बांबूला बांधलेली, पुढे दोघं मागे दोघं, चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत. रस्त्यावर १०८ची गाडी. त्या चौघांना सगळं कळतं बरं का. उतार कुठे आहे, भुई कुठे भुसभुशीत आहे, ओढा कुठून पार करायचा, पाणी वाढलं तर मागे फिरायची वाट कुठली. पायलटला पैसे भरून शिकवतात तो सगळा धडा हे अनवाणी गिरवतात. फरक इतकाच की यांच्यासाठी कुणी आदल्या रात्री मुरूम टाकत नाही.

टपरीवरच्या गृहस्थांना मी यातलं निम्मं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, दुसरा चहा माझ्या नावावर सांगितला आणि म्हणाले, "म्हंजे इथं उतरवायलाच नको."

"तसं नाही. नीट जागा बघून, कायमची बांधून, तारा काढून—"

"कायमची बांधली तर दर वेळचा मुरूम कसा येईल?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहाचे पैसे दिले.

परतताना वाट वाकडी करून सोयऱ्यांच्या गावाला गेलो. शाळेमागचं ते खाचर बघायचं होतं. पाहुणे येऊन गेल्याला महिना उलटून गेलेला. बांध अजून घातलेला नव्हता, भरपाईचा कागद 'वर गेला आहे' असं कळलं. लेंग्याचा पाय काठीवर तसाच होता, उन्हाने विटून गेलेला. चुन्याचा 'एच' मात्र ठळक. पोरांनी त्याच्या दोन उभ्या रेघांना क्रिकेटच्या क्रीझ ठरवून टाकलं होतं, आडव्या रेघेवरून धावायचं.

आजींकडचं भात झोडायचं काम चाललं होतं. मुरमाने टणक झालेली एवढी मोठी जागा घराजवळ आयती मिळाली, म्हणून मुलाने भारे तिथेच आणून टाकलेले. पेंढा एका बाजूला रचला जात होता, मधोमध दाण्यांची रास. सरकारी खर्चाने केलेलं खळं, मी मनात म्हटलं, चला, काहीतरी वसूल झालं.

सुनेने सूप भरून डोक्याच्या वर धरलं आणि हलकेच हलवलं. दाणे खाली पडायला लागले. भुसा एका बाजूला जायला हवा होता. तो थोडा गेला, शाळेच्या भिंतीपाशी अडखळला, वळला, आंब्याकडे सरकला आणि गोल फिरून पुन्हा राशीवर येऊन बसला. तिने तोंड फिरवून पुन्हा सूप धरलं. पुन्हा तेच. भुसा तिच्या केसांत, पदरावर, राशीवर.

आजी उठल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. ताडपत्रीची दोन टोकं त्यांनी धरली, दोन सुनेला धरायला लावली, आणि दोघी मिळून सगळी रास टेकाडाच्या पलीकडे, उघड्या माळावर घेऊन गेल्या.